सण आणि सूट

ज्याने एखादे व्रत पत्करले आहे त्याने मधूनच एखादा दिवस त्या व्रतातून स्वतःस मोकळे करावे की करू नये, हा प्रश्न काही आजचा नाही. उपवास, पारणे आणि उद्यापन यांचे नियम घालून देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी त्याचा पुष्कळ खल केलेला आहे. नवे आहे ते इतकेच की, पूर्वी हा प्रश्न पुण्यसंचयाच्या संदर्भात निघे. आता तो वजनाच्या काट्यावर उभे राहून विचारला जातो. वजन उतरविण्यासाठी मिताहार करणाऱ्या सुशिक्षित स्त्रीपुरुषांत सहा दिवस मोजून जेवावे आणि सातव्या दिवशी मनसोक्त खावे, अशी रीत रूढ झाली आहे. त्या सातव्या दिवसास ‘चीट डे’ म्हणतात. या दिवसाने व्रतास बळ येते की व्रत खचते, याचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

जिभेचे चोचले हा गंभीर चर्चेचा विषय होऊ शकत नाही, असे कोणास वाटेल. पण आपल्या समाजापुरते तरी ते खरे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात स्वतःचाच दाखला दिला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या ठिकाणी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या ठिकाणी २१.२ टक्के निघाले. दिसावयास सडपातळ असलेल्या आपल्या माणसांच्या पोटातही रोगाचे बीज कसे दडलेले असते, हे यावरून ध्यानात यावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे. तेव्हा मध्यमवर्गीय घरात कोणी ‘आजपासून गोड बंद’ असे म्हणतो, तेव्हा त्यामागे केवळ हौस नसते. बहुधा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या आजारपणाची आठवण असते.

या सातव्या दिवसाचे रूप पाहावयाचे असेल तर पावसाळ्यातील एखाद्या रविवारी पळसदरीस जावे. कर्जतच्या पुढचे हे लहानसे स्थानक. येथे लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक डोंगराच्या पायथ्यापायथ्याने खोपोलीकडे जातो, दुसरा बोरघाट चढू लागतो. पाऊस लागला की भोवतालचे डोंगर हिरवे होतात, धबधबे सुरू होतात आणि मुंबई-पुण्याकडची मंडळी लोटतात. कर्जतच्या स्थानकावरील बटाटेवड्यापासून जो प्रारंभ होतो तो शेतघरातील रात्रीच्या जेवणापर्यंत चालतो. आठवडाभर ज्यांनी भाकरीचा चतकोर मोजून खाल्ला, तेच गृहस्थ येथे तिसऱ्यांदा भज्यांच्या ताटलीकडे हात नेताना ‘आज आपल्याला सूट आहे’ असे म्हणतात. ही सूट दिली कोणी आणि कोणत्या अधिकाराने, हाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम हिशेब पाहू. एखाद्यास दिवसाकाठी २,००० उष्मांक लागतात आणि तो १,५०० वर भागवितो असे धरले, तर सहा दिवसांत ३,००० उष्मांकांची बचत होते. सातव्या दिवशी त्याने ३,५०० उष्मांक पोटात घातले की निम्मी बचत गेली. ५,००० घातले की सारीच गेली. तळलेले, गोड आणि थंड असे तिन्ही प्रकार हाताशी असले म्हणजे पहिला आकडा गाठावयास फारसे श्रम पडत नाहीत. मात्र हाच हिशेब दुसऱ्या बाजूने दिलासाही देतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक; म्हणून १,५०० उष्मांकांच्या अतिरेकाने अंगी लागणारी चरबी २०० ग्रॅमच्या आतच राहते. सोमवारी सकाळी काटा किलो-दीड किलोने पुढे गेलेला दिसतो तो मुख्यतः मीठ आणि पिष्ट यांनी शरीरात धरून ठेवलेल्या पाण्यामुळे. ते पाणी चार दिवसांत ओसरते. मनाला बसलेला धक्का मात्र इतक्या लवकर ओसरत नाही, आणि अनेकांचे व्रत त्या सोमवारीच सुटते.

एक युक्तिवाद असा ऐकू येतो की, सतत कमी खाल्ल्याने देहाची भट्टी मंदावते व एका दिवसाच्या भरपेट जेवणाने ती पुन्हा पेटते. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. परंतु अशा जेवणाने शरीर जे अधिक जाळते, त्याहून त्या दिवशी आत गेलेले कितीतरी जास्त असते. या संबंधात ऑस्ट्रेलियात झालेला एक प्रयोग ध्यानात घेण्यासारखा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ५१ स्थूल पुरुष होते. एका गटाने १६ आठवडे सलग मिताहार केला. दुसऱ्याने तेवढाच मिताहार दोन-दोन आठवड्यांनी मध्ये विसावा घेत केला. सलग करणाऱ्यांचे वजन सरासरी ९.१ किलोने घटले, विसावा घेणाऱ्यांचे १४.१ किलोने. चीट डेचे पुरस्कर्ते हा दाखला मोठ्या हौसेने देतात. परंतु विसाव्याच्या त्या दिवसांत त्या मंडळींनी काय खाल्ले, हे सांगावयास विसरतात. त्या दिवसांत वजन वाढू नये व घटूही नये, इतकाच बेताचा आहार त्यांना दिलेला होता. तो विसावा होता, उधळण नव्हती. पुढे २०२१ साली व्यायाम करणाऱ्या लोकांवर झालेल्या अशाच एका प्रयोगात चरबी दोन्ही रीतींनी सारखीच घटली. विसावा घेणाऱ्यांस भूक मात्र कमी जाणवली. तेव्हा देहापुरते इतकेच म्हणता येईल की, विसाव्याने नुकसान होत नाही, भूक थोडी निवते आणि एखादे वेळी लाभही होतो. अतिरेकाने लाभ होतो असे कोठे दिसत नाही.

पण हा प्रश्न देहाहून मनाचा अधिक आहे. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली काही विद्यार्थिनींस आधी दुधाचे गोड पेय पाजले व नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने त्यांच्यापुढे आइस्क्रीम ठेवले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालीत नसत, त्यांनी पेय प्याल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरलेले होते, हे सरळच आहे. परंतु ज्या नेहमी मोजूनमापून खात असत, त्यांनी पेय प्याल्यावर आइस्क्रीम उलट अधिक खाल्ले. नियम मोडलाच आहे, मग आता हात कशाला आखडावा, असा हा न्याय आहे. ज्याने आपला संयम काचेच्या भांड्यासारखा केला, त्याच्या संयमाला एक तडा गेला की सारेच भांडे फुटते. याउलट पोर्तुगाल व नेदरलँड्स येथील तीन संशोधकांनी २०१६ साली असे दाखविले की, आधीपासून योजून ठेवलेली मोकळीक माणसाचा उत्साह टिकविते. खाल्लेला घास दोन्हीकडे सारखाच असतो. एक मोहाच्या भरात घेतलेला, दुसरा आधी ठरवून घेतलेला, इतकाच भेद. नीतीच्या क्षेत्रात मात्र हा भेद लहान नाही.

चीट डे या नावातच मोठी मेख आहे. चीट म्हणजे फसविणे. मनुष्य येथे फसवितो कोणास? वैद्यास म्हणावे, तर वैद्याचे काही जात नाही. स्वतःसच फसवीत असेल, तर फसविणारा आणि फसणारा एकच ठरतो. शिवाय जो दिवस सहा दिवसांच्या संयमाची मजुरी म्हणून मागितला जातो, तो त्या सहा दिवसांस नकळत शिक्षेचे रूप देतो. भाकरी आणि पालेभाजी ही शिक्षा, श्रीखंड हे बक्षीस, अशी वाटणी एकदा मनात पक्की झाली की भाकरीची गोडी कायमची गेली. मग व्रत चालते ते केवळ व्रत संपण्याची वाट पाहत.

आपल्या परंपरेत याहून शहाणी अशी एक वाट आहे, आणि तिचे नाव सण. सणाच्या दिवशीही मनुष्य गोडधोड खातो. परंतु तो दिवस त्याच्या जिभेने निवडलेला नसतो. पंचांग तो ठरविते, सारे घर तो पाळते आणि तो कोणाच्याही संयमाचे वेतन नसतो. होळीस पुरणपोळी खाणारा मनुष्य ‘मी कमावली आहे’ असे म्हणत नाही. म्हणूनच दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना त्यास काही गमावल्यासारखे वाटत नाही. सूट ही आपण आपल्यालाच देतो. सण आपल्याकडे चालत येतो. आमच्या मते सारा निर्णय या एका भेदात आहे.

अर्थात आपली परंपरा या बाबतीत निर्दोष आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण परकीयांनी रचलेली नाही. उपवासाच्या दिवशी धान्य वर्ज्य करून साबुदाणा, बटाटे, शेंगदाणे आणि रताळी यांवर ताव मारण्यात सुटीच्या दिवसाचेच बीज आहे. आणि गंमत अशी की, यातील प्रत्येक पदार्थाचे मूळ अमेरिका खंडात असल्यामुळे जुन्या शास्त्रकारांस यांपैकी एकही ठाऊक नव्हता. नियमाचे अक्षर राखून त्याचा प्राण घेण्याची कला आपण चीट डेच्या फार पूर्वी शिकलो होतो.

याहून बळकट आक्षेप निराळाच आहे. पूर्वी सण वर्षात मोजके येत. आज कचेरीतील पेढे, वाढदिवसाचे केक, हळदीकुंकू, सहली आणि दर रविवारचे पळसदरी हे सारेच सण होऊन बसले आहेत. जेथे रोजच दिवाळी आहे तेथे पंचांगाचा लगाम काय कामाचा? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील घराघरांत ज्या दोन मतांची चर्चा चाले, ती दोन्ही एका परीने या आक्षेपास उत्तरे आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे असे सांगितले. म्हणजे लगाम घड्याळाच्या हाती दिला. ऋजुता दिवेकर यांनी घरचे, ऋतुमानाचे अन्न सोडू नये व सणाचे पदार्थ अपराधी मनाने खाऊ नयेत असे सांगितले. म्हणजे तो परंपरेच्या हाती दिला. दोहोंत श्रेष्ठ कोणते, हा वाद वैद्यांवर सोपवू. लगाम क्षणिक इच्छेच्या हाती असू नये, एवढे मात्र दोन्हींतून निघते.

यासाठी पळसदरीपासून वर चढणाऱ्या त्या घाटाकडेच पाहावे. १८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गावर ३७ फुटांस एक फूट असा चढ लागतो. चढण्यापेक्षा उतरणे येथे अधिक धोक्याचे. म्हणून खाली येणाऱ्या गाडीस वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबावेच लागते. तेथे मुख्य मार्गाच्या बाजूस चढत जाणारा एक आडमार्ग आहे. गाडी आवरली नाही तर ती त्या चढावर जाऊन थबकते. ती आपणहून थांबली, म्हणजेच तिचा ताबा सिद्ध झाला, की मगच तिला पुढची वाट मिळते. संयमी माणसाच्या जीवनात सणाचे स्थान असेच आहे. थांबता येते की नाही, याची ती परीक्षा आहे. ज्याला दोन पुरणपोळ्यांवर हात थांबविता येतो, त्याने सण अवश्य करावा. ज्याला येत नाही, किंवा वैद्याने ज्यास निक्षून मना केले आहे, त्याने आडमार्ग आधीच तयार ठेवावा. त्यात लाज मानण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. जेवण ही एकट्याची बाब नव्हे. आईने पहाटे उठून पुरण शिजवावे आणि मुलाने आपल्या काट्याकडे बोट दाखवून ताट सारावे, यात वजन वाचते पण काहीतरी दुसरे उणे होते. उलट, सहा दिवस घराच्या जेवणाकडे पाठ फिरवून सातव्या दिवशी स्वयंपाकघरात फर्मान सोडणाऱ्याचा स्वार्थ तर त्याहून उघडा आहे. त्याच्या सुटीचे श्रम दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावर पडतात. आणि ज्या शेतघरांत ही सूट साजरी होते, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर कातकरी आणि ठाकर यांच्या वाड्या आहेत. त्यांतील कितीतरी कुटुंबे पावसाळा सरला की पोटासाठी वीटभट्ट्यांची वाट धरतात. तेथेही माणसे कमी जेवतात, पण ते व्रत त्यांनी घेतलेले नसते. आपल्यास कमी खाण्याची निवड करता येते हेच एक भाग्य आहे, ही जाणीव ज्याच्या ठायी जागी आहे, त्यास आपल्या मिताहाराची मजुरी मागण्याचा संकोच वाटल्यावाचून राहणार नाही.

तात्पर्य, भरल्या ताटाचा दिवस मिताहारास मारक असतो की तारक, हे त्या दिवशीच्या ताटावरून ठरत नाही. तो दिवस कोणी निवडला, तो कोणासंगती साजरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची भाकरी नेहमीच्याच चवीने खाल्ली गेली की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरते. तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर पुरणपोळीवर तूपही घ्यावे. नसतील तर पुरणपोळीस दोष देऊ नये; ती बिचारी वर्षातून एकदाच येते.