आबांचं पान

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात दोन भाऊ राहत होते. जमिनीची वाटणी झालेली, पण वडील दोघांचे. आबांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती आणि आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवली नव्हती. हल्ली मात्र त्यांना विसर पडू लागला होता. जेवून हात धुतले की घटकाभराने विचारायचे, "आज चूल पेटवली नाही का गं?"

धाकटी सून आशा सेविका होती. गावातल्या गरोदर बायकांच्या, लहान लेकरांच्या नोंदी ठेवणं हे तिचं रोजचंच काम. वारी जवळ आली तशी तिने एक कोरी वही काढली आणि आबांना चौकटीला पाठ लावून उभं केलं. डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीने खूण केली, टेपने मोजलं आणि लिहिलं : पाच फूट तीन इंच. मग टोपी काढायला लावून एक फोटो समोरून घेतला, एक बाजूने आणि एक पायापर्यंतचा.

थोरला ओट्यावर बसून हे बघत होता. त्याला राहवेना. "असलं वर्णन पेपरात बेवारस माणसाचं येतं. जित्या माणसाचं लिहितात होय? अभद्र काही करू नका घरात."

त्याच्या रागात माया होती. वाईटाचं नाव काढलं की वाईट घडतं, ही समजूत घरोघरी आहे, आणि बहुतेक वेळा ती सगळ्यात जास्त जीव लावणाऱ्या माणसाच्याच तोंडून बाहेर पडते.

सुनेने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "दादा, आबांचं तुटलेलं बोट कोणतं?"

"उजवी करंगळी. कडबाकुट्टीत गेली. मी तिथंच होतो की."

धाकटा म्हणाला, "करंगळी नाही, तिच्या शेजारचं."

आबांनी मुकाट्याने हात पुढे केला. डावी करंगळी होती. वरचं पेर नव्हतं. थोरला काही न बोलता गोठ्याकडे निघून गेला.

सून लिहीत राहिली. उजव्या पोटरीवर भाजल्याचा जुना डाग. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. खालचे दोन दात नाहीत. रक्तदाबाची गोळी सकाळी. आधार कार्डावरच्या नावाने हाक मारली तर ओ देत नाहीत, 'आबा' म्हटलं की मान वळवतात. शेवटी तिने आबांनाच विचारलं, "घाबरलात तर कुठं जाल?" आबा चटकन म्हणाले, "बार्शीला. अक्काकडं." अक्का जाऊन कैक वर्षं झाली होती. तरी तिने 'बार्शी' लिहून ठेवलं. पानाचा फोटो दोन्ही भावांच्या मोबाइलमध्ये घातला, एक प्रत दिंडीप्रमुखांकडे दिली आणि वही घरी थोरल्या जाऊबाईंजवळ ठेवली.

दशमीला दिंडी पंढरपुरात पोचली. चंद्रभागेच्या वाळवंटात आबांनी बंडी काढून थोरल्याच्या हातात दिली आणि ते पाण्यात उतरले. थोरल्याने स्वतः एक बुडी मारली, डोळे पुसले, तर आबा नव्हते. त्यांच्या नावाची चिठ्ठी बंडीच्या खिशात होती, आणि बंडी थोरल्याजवळ.

थोरला पोलीस मदत केंद्राकडे धावला. वाटेत कुणी तरी सांगितलं, चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. अंमलदार म्हणाला, "असा काही नियम नाही. बसा आणि सांगा. अंगावर काय होतं?"

"धोतर. उपरणं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का."

अंमलदाराचा लिहिता हात थांबला. त्याने बाहेर पाहिलं. नजर पोचेल तिथवर तेच धोतर, तेच उपरणं, तीच माळ.

"उंची?"

"माझ्याएवढी. जरा कमी असंल."

"काही खूण?"

थोरल्याच्या तोंडून "उजवी" एवढंच निघालं आणि तो गप्प झाला. ज्या हाताला धरून तो चालायला शिकला, तो हात त्याला आठवेना. मग त्याला मोबाइल आठवला.

अंमलदाराने ते पान सावकाश वाचलं. "दादा, शोधणारे आम्ही परके. तुमची माया आम्हाला कशी दिसणार? आम्हाला खूण लागते. ज्याने हे लिहिलं, त्याने आमचं निम्मं काम केलंय."

भोंग्यावरून डाव्या करंगळीची खूण पुकारली गेली. एक शिपाई थेट एसटी स्टँडवर, बार्शीची गाडी लागते तिथे गेला. बाकावर ओल्या धोतरात एक म्हातारबाबा बसले होते. एका कंडक्टरने त्यांना पाणी दिलं होतं, नावही विचारून पाहिलं होतं, पण ते काही सांगत नव्हते. शिपायाने आधी हाताकडे पाहिलं, मग उजव्या कानाशी वाकून म्हणाला, "आबा!" त्यांनी मान वळवली.

गावी परतल्यावर थोरल्याने धाकट्या सुनेकडून एक कोरी वही मागून घेतली. आधी आईचं पान लिहिलं, मग दोन्ही लेकरांचं, आणि स्वतःला मधुमेह आहे म्हणून शेवटी स्वतःचंही.

तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल, लहान मूल असेल किंवा ज्याला नीट बोलता येत नाही असं कुणी असेल, तर हे पान या आठवड्यातच लिहा. माहिती आठवणीतून लिहू नका, माणसाला समोर बसवून, नीट बघून लिहा. लेकरांचे चेहरे भराभर बदलतात, त्यांचा फोटो दर सहा महिन्यांनी नवा घ्या. पान गावभर फिरवू नका, विश्वासाच्या दोघा-तिघांकडेच ठेवा. वेळ आलीच तर उशीर करू नका, लगेच ११२ ला फोन करा, मूल असेल तर १०९८ लाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच बजावलेलं आहे.