झाडलेले रिकामे घर

वाचन : मत्तय 12:43-45; यहोशवा 7



गेल्या नाताळाआधी संडे स्कूलच्या मुलांचे संवाद छापायचे होते. पेनड्राइव्ह लावून पाहतो तो सारे फोल्डर नाहीसे, आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट! शॉर्टकटवर टिचकी मारली की फोल्डर उघडे, म्हणून आम्ही दोन आठवडे तसेच निभावून नेले. प्रत्येक टिचकीसरशी आत शिरलेला उपद्रवी प्रोग्रॅमही चालू होत होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

सुटीत हैदराबादचा भाचा आला. त्याने पाहताच विचारले, "मामा, यात फुकटचे काय घातलेत?" आमची जीभ अडखळली. छपाईच्या मांडणीचा एक विकतचा प्रोग्रॅम आम्ही पैसे न देता, 'क्रॅक' लावून वापरत होतो. तो चालावा म्हणून संगणकाचा पहारेकरी आम्हीच बंद केला होता. मंडळीच्या कामासाठीच तर आहे, अशी मनाची समजूत घातली होती. चोरीला चोरी म्हणायला आम्हांस भाच्याची गरज पडली!

त्याने प्रथम इंटरनेट तोडले, तो प्रोग्रॅम काढून टाकला, पहारेकरी पुन्हा जागा केला आणि 'विंडोज सिक्युरिटी'मधून पूर्ण स्कॅन लावला. काही सापडले, काढले; दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. विंडोज चालू असताना असा प्रोग्रॅम स्वतःला लपवू शकतो. म्हणून त्याने ऑफलाइन स्कॅन निवडला. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नेहमीचे विंडोज उघडण्यापूर्वीच तपासणी होते. सुमारे 15 मिनिटे लागली. नंतर पेनड्राइव्हसह पुन्हा पूर्ण स्कॅन केला, तेव्हा काही निघाले नाही. फोल्डर गेलेले नव्हतेच; नुसते लपवलेले होते. एवढ्यानेही न भागते, तर कागदपत्रे बाजूला काढून विंडोज नव्याने घालावे लागले असते.

आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण प्रभूने सांगितलेल्या त्या दाखल्यात घर झाडलेले होते, नीटनेटके होते, तरी रिकामे होते. म्हणून तर गेलेला दुरात्मा आणखी सात घेऊन परतला. भाच्याने दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आमच्या ईमेलचे व बँकेचे पासवर्ड बदलवले, कारण जुने चोरीला गेले असतील असेच धरावे लागते. मग राहिलेले सारे अपडेट घातले. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय'ने जगभरचे संगणक ओलीस धरले. त्या फटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो लावला नव्हता, ते सापडले. विंडोज 10 चा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा जुना संगणक असलेल्यांनी तेवढे पाहून घ्यावे.

"हा पेनड्राइव्ह आणखी कोणाकोणाकडे गेला होता?" भाच्याने शेवटी विचारले. तो चार शिक्षकांकडे गेला होता. आखानाने लूट आपल्या डेऱ्यात पुरली, पण आय नगरापुढे माघार घ्यावी लागली ती सगळ्या इस्राएलाला. हा अध्याय आम्ही मुलांना कितीदा शिकवला होता! तरी फोन उचलायला संध्याकाळ झाली.

तीन फोन सोपे गेले. चौथ्या बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडेही महिनाभर तसेच होतेय, पण विचारायची लाज वाटली." दुसऱ्या दिवशी उपासना संपताच भाचा त्यांच्या घरी गेला.