स्मरणरंजनाचे देणे

'नॉस्टॅल्जिया' या शब्दासाठी मराठीत दोन प्रतिशब्द रूढ आहेत. एक 'स्मरणरंजन' आणि दुसरा 'गतकातरता'. पहिल्यात करमणूक आहे, दुसऱ्यात व्याकुळता. मूळ शब्द ज्याने घडविला त्या योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात करमणुकीचा लवलेशही अभिप्रेत नव्हता. १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात त्याने 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून एका आजाराला नाव दिले. घरापासून दूर गेलेली माणसे झुरू लागतात, खंगतात. पुढे परदेशी सैन्यांत चाकरीला गेलेले स्विस शिपाई या आजाराचे नमुनेदार रोगी मानले जाऊ लागले. उपाय एकच सांगितला जाई : रोग्याला घरी पाठवा.

इमान्युएल कांट या तत्त्वज्ञाने याच स्विस रोग्यांविषयी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. मानवस्वभावावरील त्याचा ग्रंथ १७९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो म्हणतो की, ही माणसे गावी परतली की त्यांची निराशा होते, आणि त्या निराशेनेच ती बरी होतात. गाव फार बदलले असे त्यांना वाटते. वस्तुतः त्यांना तिथे परत मिळत नाही ते त्यांचे तारुण्य. ओढ गावाची नसते, त्या गावी असताना जे वय होते त्याची असते. हे निदान इतके अचूक आहे की, आजच्या एका अगदी वेगळ्या विषयाला ते जसेच्या तसे लागू पडते. तो विषय म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचे नवे भाग.

विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि १९८० आणि १९९० च्या दशकांत जी मुले हे खेळ खेळली ती आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्या हाती पैसा आला आहे, फुरसत उरलेली नाही आणि मनाचा एक कोपरा अजून त्या जुन्या पडद्यासमोर बसलेला आहे. त्या कोपऱ्याला साद घालण्याचा एक मोठा व्यवसायच उभा राहिला आहे. आपल्याकडेही १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर 'मारियो' आणि 'कॉन्ट्रा' खेळत मे महिन्याच्या सुट्ट्या घालविलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. १९८७ च्या त्या 'कॉन्ट्रा'ची 'ऑपरेशन गलुगा' नावाची नवी आवृत्ती २०२४ साली निघाली, तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांना आपले जुने घरच आठवले असेल. माणसाच्या बालपणाची त्यालाच पुन्हा विक्री करावी काय, हा एक प्रश्न येथे उद्भवतो. त्याहूनही अवघड प्रश्न दुसरा आहे. एखाद्या कलाकृतीवर आपण मनापासून प्रेम केले, तर तिच्या कर्त्यावर आपला काही हक्क निर्माण होतो काय?

या दुसऱ्या प्रश्नासाठी एक उदाहरण जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे. १९९० साली अमेरिकेतील लुकासफिल्म गेम्स या संस्थेने 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' नावाचा खेळ काढला. रॉन गिल्बर्ट हा त्याचा प्रमुख कर्ता. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन हे त्याचे साथीदार. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक भाबडा तरुण समुद्री चाचा व्हायला निघतो आणि लेचक नावाच्या चाच्याच्या भुताशी त्याची गाठ पडते, अशी ही विनोदी कथा. तीत तलवारीच्या द्वंद्वातसुद्धा विजय मिळतो तो हजरजबाबीपणाने. १९९१ साली दुसरा भाग आला आणि त्याच्या शेवटाने सर्वांनाच चकित केले : नायक आणि खलनायक अचानक एका करमणूक बागेतील दोन लहान मुले होतात आणि आईबापांबरोबर चालू लागतात. याचा अर्थ काय, हे न सांगताच गिल्बर्टने १९९२ साली ती संस्था सोडली. पुढचे भाग १९९७, २००० आणि २००९ साली निघाले, पण सूत्रे इतरांच्या हाती होती. नावातले 'रहस्य' शेवटी काय होते, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

आणि मग १ एप्रिल २०२२ रोजी गिल्बर्टने जाहीर केले की, आपण 'रिटर्न टू मंकी आयलंड' घेऊन येत आहोत. तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. ग्रॉसमन सोबतीला होता, जुने संगीतकार होते. चाहत्यांना याहून अधिक काय हवे? परंतु जूनअखेर खेळाची झलक प्रसिद्ध झाली आणि वादळ उठले. रेक्स क्राउल या चित्रकाराने काढलेली चित्रे कागद कापून बनविल्यासारखी, कोनदार होती. लोकांच्या मनात जी चित्रे होती ती ठोकळेदार ठिपक्यांची. टीका सभ्यतेची मर्यादा ओलांडून इतकी व्यक्तिगत झाली की, गिल्बर्टने लोकांशी चाललेला आपला संवाद बंद केला आणि खेळाविषयी यापुढे काही लिहिणार नाही असे सांगितले. या खेळाचे हक्क आता डिस्ने कंपनीकडे आहेत. ती आपल्याला मनासारखे काम करू देणार नाही अशी भीती त्याला होती. कंपनीने अडविले नाही. अडवू पाहिले ते सर्वांत निष्ठावान चाहत्यांनी. ही विसंगती त्याने स्वतःच बोलून दाखविली होती.

चाहत्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. २०१३ साली खुद्द गिल्बर्टने लिहिले होते की, आपण कधी हा खेळ पुन्हा केला तर तो जुन्याच धाटणीचा असेल. पण दरम्यान २०१७ साली त्याने जुन्या धाटणीचा एक वेगळा खेळ करून पाहिला होता आणि त्याचे मन पुढे सरकले होते. नऊ वर्षांपूर्वी बोलून दाखविलेली इच्छा म्हणजे वचन नव्हे. माणसाला इच्छा बदलण्याची मुभा नसेल, तर त्याच्याकडून नवे काही मागण्यातही अर्थ नाही.

शिवाय 'जुनी धाटणी' म्हणजे तरी काय? १९९० साली तो खेळ प्रथम निघाला तेव्हा त्याच्या चित्रांत केवळ १६ रंग होते, कारण त्या काळच्या बहुतेक घरगुती संगणकांवर त्याहून अधिक दाखविता येत नव्हते. त्याच वर्षी २५६ रंगांची आवृत्ती आली. शक्य होताच कर्त्यांनी अधिक रंग वापरले. म्हणजे ठोकळेदार ठिपके ही त्यांची आवड नव्हती, ती त्यांच्या साधनांची सीमा होती. तिच्या आत राहून ते त्या दिवसाचे सर्वोत्तम काम करीत होते. त्यांच्याशी इमान राखायचे तर ती सीमा जपायची, की सीमेपर्यंत जाण्याची वृत्ती? आज मुद्दाम १६ रंगांत चित्र काढणारा माणूस १९९० च्या गिल्बर्टसारखा वागत नाही. तो त्याचे सोंग घेतो. सोंगही सुंदर असू शकते, हे मी नाकारीत नाही. २०१७ चा 'सॉनिक मेनिया' हा खेळ मूळच्या चाहत्यांनीच जुन्या वळणावर बनविला आणि तो उत्तम वठला. पण ती त्यांची निवड होती. कोणी ती त्यांच्यावर लादली नव्हती.

प्रेमाने हक्क निर्माण होतो काय, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे मला अवघड वाटते. खेळणारा नसेल तर खेळ अपुरा असतो. कोणी तरी वर्षानुवर्षे तो मनात बाळगला म्हणून तर ३० वर्षांनी त्याचा नवा भाग काढण्याला अर्थ आला. हे ऋण खरेच आहे. मात्र ऋणाचीही जात असते. आपली फसवणूक होऊ नये, घाईघाईने उरकलेली वस्तू जुन्या नावावर आपल्या गळ्यात मारली जाऊ नये, एवढे मागण्याचा अधिकार चाहत्याला नक्कीच आहे. कर्त्याने बदलू नये, वयाने वाढू नये, हे मागण्याचा अधिकार मात्र प्रेमातून मिळत नाही. आईबाप मुलांवर आणि मुले आईबापांवर असा हक्क सांगतात तेव्हा घरोघरी काय होते, ते वाचकांना सांगायला नको.

हक्काची दुसरी जात वचनातून येते, आणि ती पाहायची तर जपानच्या 'शेनमू'कडे वळले पाहिजे. यू सुझुकी यांच्या या महत्त्वाकांक्षी खेळाचा पहिला भाग १९९९ साली सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट यंत्रावर निघाला. १९८६ सालचे योकोसुका शहर, वडिलांच्या मारेकऱ्याच्या शोधात निघालेला र्‍यो हाझुकी हा तरुण, आणि ज्यात खेळणाऱ्याला नोकरी करावी लागते, वेळ काढावा लागतो, वाट पाहावी लागते अशी संथ रचना. २००१ चा दुसरा भाग कथा अर्ध्यावर टाकून एका गुहेत संपला आणि ड्रीमकास्ट यंत्रही त्याच वर्षी बंद झाले. र्‍यो १८ वर्षे त्या गुहेत उभा राहिला. २०१५ साली सुझुकींनी लोकांकडेच पैसे मागितले. ६९,३२० जणांनी मिळून ६३ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. तिसरा भाग नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेर आला.

येथे देणाऱ्यांचा हक्क निर्विवाद होता, कारण आगाऊ पैसे घेऊन काही कबूल केलेले होते. म्हणूनच संगणकावरील आवृत्ती कबूल केलेल्या दुकानातून न देता दुसऱ्या दुकानातून दिली जाईल असे २०१९ मध्ये ठरले तेव्हा उठलेला संताप रास्त होता, आणि शेवटी पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली. चित्रे आवडली नाहीत ही तक्रार आणि दिलेला शब्द मोडला ही तक्रार, या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. दोन्ही एकाच आवाजात ओरडून मांडल्या जातात, एवढेच त्यांतील साम्य.

पण 'शेनमू'चे खरे दुःख दुकानाचे नव्हते. सुझुकींनी मागितले होते तेच दिले. तिसरा भाग जणू २००१ नंतर लगेच, २००२ साली बनवून कोठे तरी मोहोरबंद ठेवला असावा असा आहे. र्‍यो लाकडे फोडून पैसे मिळवितो, गावकऱ्यांना तेच तेच प्रश्न विचारीत हिंडतो. कित्येक चाहत्यांना तो मनापासून आवडला. कित्येकांना मात्र खेळताखेळता उमगले असावे की, खेळ बदललेला नाही, आपण बदललो आहोत. लाकडे फोडायला आता शनिवारची दुपार मोकळी नाही. कांटचा स्विस शिपाई गावी पोहोचला होता. कथा तर याही भागात संपली नाही.

तिसरा एक मार्ग 'फायनल फँटसी सेव्हन'च्या कर्त्यांनी काढला. १९९७ च्या मूळ खेळात एरिथ नावाची तरुणी मध्येच मारली जाते. खेळातले मरण म्हणजे पुन्हा सुरुवात, अशा समजुतीत वाढलेल्या मुलांना ते कायमचे मरण सहन झाले नाही, आणि तिला जिवंत करण्याच्या युक्त्या लोक वर्षानुवर्षे शोधीत राहिले. २०२० साली याच कथेची नवी मांडणी आली तेव्हा तिच्यात काही भुतासारख्या आकृती घातलेल्या होत्या. कथा मूळ वाटेवरून जरा ढळली की त्या धावून येतात आणि तिला जुन्या वाटेवर ढकलतात. नायकांना शेवटी त्यांच्याशीच लढावे लागते. म्हणजे चाहत्यांची गतकातरताच खलनायक म्हणून पडद्यावर उभी केली आहे. कल्पना धीट आहे, जरा उद्धटही आहे. ज्यांच्या पैशावर दुकान चालते त्यांनाच भुते म्हणायचे! २०२४ साली आलेल्या पुढच्या भागात एरिथच्या मृत्यूभोवती जे धुके पसरविले आहे, ते मात्र मला पटले नाही. मरण ठेवायचे तर ठेवावे, पुसायचे तर पुसावे. दोन्हीकडून टाळ्या घेण्याची सोय शोक करणाऱ्याच्या कामाची नसते.

या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट मात्र अक्षम्य वाटते. व्हिडिओ गेमचा इतिहास जपणाऱ्या एका अमेरिकन प्रतिष्ठानने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत, असे तिच्यातून दिसले. ज्या स्मृतीच्या जोरावर नवे भाग विकले जातात, ती जिच्यातून जन्मली ती वस्तू कोणी सांभाळीत नाही. आजोबांच्या नावाने दुकान चालवायचे आणि त्यांच्या हस्तलिखितांना वाळवी लागू द्यायची, असा हा प्रकार आहे. चाहत्यांनी संताप करायचाच तर तो येथे करावा. क्राउलच्या चित्रांवर खर्चण्याइतका तो स्वस्त नाही.

'रिटर्न टू मंकी आयलंड' सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्यात गायब्रश अखेर त्या रहस्याच्या पेटीपाशी पोहोचतो. दार उघडून आत जातो तर समोर करमणूक बागेतील चाच्यांचे खोटे गाव, आणि पेटीत 'मला रहस्य सापडले आणि मिळाला तो हा फडतूस सदरा' अशा अर्थाचा मजकूर छापलेला एक सदरा. बत्त्या मालवून निघायचे तेवढे उरते. काही खेळणारे चिडले. ३२ वर्षे थांबून एक सदरा? मला तो सदरा फार प्रामाणिक वाटला. पेटीत दुसरे काय ठेवता आले असते?

परंतु त्याहून अधिक मनात राहते ती खेळाची सुरुवात. ती १९९१ च्या त्या कोड्यात टाकणाऱ्या शेवटापासूनच होते, त्याच करमणूक बागेत. ती मुले म्हणजे गायब्रशचा मुलगा आणि त्याचे सवंगडी आहेत, हे हळूहळू कळते. बापाकडून ऐकलेली गोष्ट ती खेळत आहेत आणि खेळताना तिच्यात आपल्या मर्जीने बदलही करीत आहेत. ज्या शेवटावर मोठ्या माणसांनी तीन दशके वाद घातला, तो एका पोराने रचलेला होता. गायब्रश बाकावर बसलेला आहे. मुलगा येऊन शेजारी बसतो आणि खरे काय घडले ते विचारतो. बाप त्याला चुका दाखवीत नाही. गोष्ट सांगू लागतो, आणि ऐकणाऱ्याला तिच्यातले काहीच आधी ठाऊक नसते.