पाद्री म्हणजे कोण?



मागच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन एका आजारी आजींकडे गेलो. "पाद्रीबाबा आले!" आजी म्हणाल्या. नातवाने लगेच दटावले, "आजी, फादर म्हण." त्याला वाटले, मला राग येईल.

राग कशाला? दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. पोर्तुगीज 'पाद्रे' म्हणजे बाप. मूळ लॅटिन 'पातेर'. (म्हणजे 'पाद्रीबाबा' म्हणून आजी मला दोनदा बाप म्हणत होत्या!) पोर्तुगीज आपल्या वसईत १५३४ ते १७३९ होते. ते गेले, शब्द राहिला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. ते प्रॉटेस्टंट, तरी लोकांनी त्यांनाही पाद्रीच म्हटले. भारतीय लष्करात ख्रिस्ती जवानांच्या धर्मशिक्षकाला आजही पाद्री म्हणतात. मात्र बाहेर या शब्दाला 'बाटवणारा' असा वास येऊ लागला, आणि आपणही तो लाजून टाकला. इंग्रजीतला बाप तेवढा प्रतिष्ठित ठरला.

खरी अडचण वेगळीच आहे. मत्तयच्या २३व्या अध्यायात प्रभू येशू बजावतो की, पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका. मग आम्ही हे नाव कसे मिरवावे? तिथे प्रभूचा रोख मानाच्या जागा आणि बाजारातले नमस्कार शोधणाऱ्यांवर आहे, हे खरे. पण तो रोख माझ्यावर नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? संत पौल करिंथकरांना लिहितो की, तुम्हांला शिकवणारे पुष्कळ असतील, बाप मात्र फार नाहीत. शुभवर्तमानाद्वारे मीच तुमचा बाप झालो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही शब्दांच्या व्याख्या घासूनपुसून करत असू. उपदेशकाची व्याख्या मला आजही करता येईल. रविवारचा उपदेश शनिवारी रात्री बसून तयारही होतो. बापपण तसे तयार होत नाही.

ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर आजी थोडा वेळ डोळे मिटून होत्या. मग म्हणाल्या, "बाबा म्हणायचं, तर पावसाळाभर कुठे होता तुम्ही?"

पावसाळ्यात मी दोन पहिले शुक्रवार चुकवले होते. बैठका होत्या, एक समारंभ होता. आजींना त्यातले काही सांगितले नाही.

घरी अंथरुणाला खिळलेल्यांची नावे कृपया या आठवड्यात सॅक्रिस्टीत द्यावीत. यादी यापुढे माझ्याकडे राहील. त्यात आजींचे नाव पहिले लिहिले आहे.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू