सुंदर इमारतीचा खरा आकडा

११ जानेवारी २०१७ रोजी हॅम्बुर्गमध्ये एल्बफिलहार्मोनीचे उद्घाटन झाले आणि वर्षानुवर्षे टीकेचे धनी ठरलेले हे सभागृह बघता बघता शहराचे लाडके झाले. बंदरात कोको, चहा, तंबाखू साठवण्याचे विटांचे गोदाम होते. त्याच्या बाहेरच्या भिंती राखून हर्त्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुकारांनी वर काचेची लाट चढवली. जहाजांच्या भोंग्यांचा हादरा आत पोहोचू नये म्हणून २,१०० आसनांचे मुख्य सभागृह पोलादी स्प्रिंगांवर तोलले आहे. यासुहिसा टोयोटा यांच्या ध्वनियोजनेनुसार त्याच्या भिंती-छताला जिप्समच्या सुमारे १०,००० फरश्या लावल्या आहेत. त्यांवर शिंपल्यासारखे खळगे कोरलेले आहेत आणि एका फरशीची कोरणी दुसरीसारखी नाही. सपाट भिंतीवर आपटलेला आवाज एकाच बाजूला परततो, या खळग्यांवर तो विखुरतो. ऑर्गनच्या काही नळ्यांना तर श्रोत्यांना हात लावून पाहता येतो. इतक्या जिव्हाळ्याने केलेल्या कामाचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्या कौतुकाच्या आड एक युक्तिवाद हळूच पुढे सरकवला जातो, की वास्तू एवढी देखणी झाली, मग खर्चाचे उकरून काढायचे कशाला? तो मला मान्य नाही.

शहराच्या तिजोरीतून ७.७ कोटी युरो जातील, असे आधी सांगितले होते. गेले ७८.९ कोटी. उद्घाटन २०१० मध्ये व्हायचे होते. दहापट वाढ महागाईच्या माथी मारता येत नाही. २०१४ मध्ये विधिमंडळाच्या चौकशी समितीने नेमके दुखणे दाखवले : आराखडे पुरते तयार नसताना कंत्राट देऊन टाकले होते. जे कागदावरच ठरलेले नाही, त्याचा भाव ठेकेदार काय सांगणार? मग प्रत्येक बदलाला वाढीव बिल, बिलावरून तंटा, आणि २०११ मध्ये काम ठप्प.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की खरा आकडा आधी कळला असता तर अशी वास्तू उभीच राहिली नसती. दाखला सिडनीच्या ऑपेरा हाउसचा दिला जातो. अंदाज ७० लाख डॉलरांचा, खर्च १०.२ कोटींचा, आणि आज जगभर नाव. पण सिडनीची गोष्ट पुढेही वाचावी लागते. छताच्या शिंपांची भूमिती सुटण्याआधीच १९५९ मध्ये बांधकाम सुरू झाले. खर्चावरून सरकारशी बिनसून १९६६ मध्ये वास्तुकार योर्न उत्सोन निघून गेले. आतली सभागृहे दुसऱ्यांनी पुरी केली, आणि तिथल्या आवाजाविषयी वादक पुढची कित्येक दशके कुरकुरत राहिले. अखेर मुख्य सभागृह बंद ठेवून ते सुधारावे लागले, ते २०२२ मध्ये पुन्हा उघडले. म्हणजे घाईच्या आकड्याची किंमत करदात्यांबरोबर संगीतानेही मोजली.

शिवाय खऱ्या आकड्याला लोक बिचकतातच, हे गृहीत तरी का धरायचे? २०१३ मध्ये हॅम्बुर्गच्या विधिमंडळाने ७८.९ कोटी समोर ठेवूनच काम पुढे नेले. अर्धी वास्तू डोळ्यांसमोर असताना नकार देणे कठीण असते, हे कबूल. पण मग नागरिकांचा मोकळेपणाने ठरवण्याचा हक्क सुरुवातीच्या त्या लहान आकड्यानेच हिरावला होता, हेही कबूल करावे लागेल. नव्या करारात किंमत पक्की झाली, जोखीम ठेकेदाराने उचलली, आणि त्यानंतर काम ठरल्या मुदतीत पुरे झाले. खळग्यांच्या त्या फरश्या पक्क्या आकड्यातही तितक्याच निगुतीने बसल्या.