मृत्युपत्र एकाचे, सही दुसऱ्याची

देहू, आळंदी आणि चिंचवड ही तीन गावे आज कारखाने, गृहसंकुले आणि वाहनांच्या रांगांनी एकमेकांना जवळजवळ चिकटली आहेत. माणूस गेल्यावर त्याच्या देहाचे काय व्हावे, या प्रश्नाची उत्तरे मात्र या तिघांनी निरनिराळी दिली आहेत. आळंदीत १२९६ साली ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींनी समाधी घेतली आणि तिच्यावर पुढे देऊळ उभे राहिले. देहूला तर मागे देहच उरला नाही. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे आणि तुकाराम बीजेला ती दरवर्षी इंद्रायणीकाठी जागवली जाते.

या कथांमध्ये एक गोष्ट समान आहे. आपल्या देहाचा शेवट ज्याने त्याने स्वतः ठरवला. पण हा मान संतांचा. प्रपंचातल्या माणसाला तसे कोणी विचारत नसे. त्याचा निकाल जन्मालाच लागलेला असे: बहुतेक हिंदूंना अग्नी, तान्ह्या मुलाला माती, लिंगायत, महानुभाव आणि गोसावी यांच्यात दफन, मुसलमान-ख्रिस्त्यांना कबर, पारशांना गिधाडांसाठी देह ठेवण्याचा दोखमा. गावोगाव स्मशानेही जातवार वेगळी. ‘मला असे नको, तसे हवे’ असे म्हणणारा माणूस या व्यवस्थेला ठाऊकच नव्हता.

असा माणूस पुण्यात निघाला, तो एकोणिसाव्या शतकात. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८७ साली मृत्युपत्र केले आणि त्यात आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा असे लिहून ठेवले. नुसते लिहून ते थांबले नाहीत. घरामागे त्यासाठी खड्डाही खणून घेतला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, तेव्हा नगरपालिकेने वस्तीत दफनाला परवानगी नाकारली. शेवटी दहनच करावे लागले. त्यातही टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी दत्तकपुत्र यशवंतच्या हक्काला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि अग्नी दिला. अस्थी मात्र जोतीरावांनी निवडलेल्या जागीच पुरल्या गेल्या.

या एका प्रसंगात पुढच्या सव्वाशे वर्षांचा सगळा पेच आलेला आहे. इच्छा स्पष्ट होती, कागद पक्का होता, बायको सोबत होती. तरी एकीकडे सरकारी नियम आडवा आला आणि दुसरीकडे भावकी. जाणारा सांगून जातो. पार पाडणे उरलेल्यांच्या हाती असते. म्हणूनच ‘माझ्या देहाचे मी ठरवणार’ या विचाराची वाटचाल पाहायची, तर विचार करणाऱ्यांइतकेच त्यांच्या मागे उरलेल्यांकडेही पाहावे लागते.

फुल्यांनंतर अनेकांनी हा हट्ट धरला आणि प्रत्येकाची दिशा वेगळी होती. गोपाळ गणेश आगरकरांची तर सनातन्यांनी ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली होती. त्याच आगरकरांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे आधीच पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. विनायक दामोदर सावरकरांनी बजावले की आपला देह खांद्यावरून नेऊ नये, वाहनातून न्यावा, विद्युतदाहिनीत दहन करावे, आणि आपल्यासाठी दुकाने बंद ठेवू नयेत. फेब्रुवारी १९६६ मध्ये मुंबईत त्यांचे दहन विद्युतदाहिनीतच झाले. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले, तेव्हा नावातच फुल्यांचा वारसा घेतला. १९७७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दफन न करता दहन झाले. हिंदू घरातले जोतीराव माती मागतात, मुसलमान घरातले दलवाई अग्नी मागतात. दोघांचाही मुद्दा माती-अग्नीचा नव्हता. आपल्या जन्माने ठरवून दिलेले आपण मेल्यावरही का सोसावे, एवढाच तो होता.

बाबा आमट्यांनी वेगळे कारण दिले. २००८ साली त्यांचे दफन आनंदवनात झाले. देह मातीत मिसळून झाडांच्या कामी यावा, ही त्यामागची दृष्टी. इथे बंडाची जागा उपयोगाने घेतली.

कधी कधी माणूस न बदलता निसर्गच बदलतो आणि प्रथा मोडावी लागते. पिंपरीत मोटारींचा कारखाना उभारणाऱ्या टाटांच्या पारशी घराण्याकडे पाहिले, तर हे लक्षात येते. जे. आर. डी. टाटा १९९३ साली जिनिव्हात वारले आणि पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत पुरले गेले. रतन टाटांचे दहन ऑक्टोबर २०२४ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत झाले. या दोन तारखांच्या दरम्यान भारतातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर दोखमे ओस पडले होते. वरळीत पारशी प्रार्थनेची सोय झाली, ती या रिकाम्या आकाशामुळे.

देह उपयोगी पडू शकतो हे डॉक्टरांना अर्थातच आधीपासून माहीत होते. १८३६ मध्ये कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. पुढे वैद्यकीय महाविद्यालये वाढली आणि टेबलावर ठेवायला देह कमी पडू लागले. १९४९ चा मुंबई शरीररचनाशास्त्र कायदा आला तो यासाठी. त्याने बेवारस मृतदेह ठरलेली मुदत उलटल्यावर महाविद्यालयांकडे सोपवण्याची वाट काढली. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या ज्यांच्या देहावर शरीर शिकल्या, त्या माणसांना कोणी काही विचारलेच नव्हते. रुग्णालयातल्या खाटेवर, फलाटावर, रस्त्याच्या कडेला ते गेले आणि त्यांच्यामागे विचारायला कोणी आले नाही. देहू-चिंचवडसारख्या, कामासाठी परगावाहून आलेल्यांच्या पट्ट्यात हा तपशील अस्वस्थ करणारा आहे.

स्वेच्छेने देह देणारे वाढले, ते खरे तर या अन्यायावरचा उतारा आहे. त्यांच्यातले वैचारिक अंतरही पाहण्यासारखे आहे. १७ जानेवारी २०१० रोजी कोलकात्यात ज्योती बसू गेले. आयुष्यभर कम्युनिस्ट राहिलेल्या या नेत्याचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी दिला गेला. सहा आठवडेही झाले नसतील, २७ फेब्रुवारीला चित्रकूटमध्ये नानाजी देशमुख गेले. जन्म हिंगोलीजवळच्या कडोळीचा, आयुष्य संघाच्या कामात. त्यांचाही देह दिल्लीला एम्सकडे गेला. बसूंना परलोक मान्य नव्हता म्हणून त्यांनी दिला. नानाजींच्या बाजूने दधीची ऋषी होते, ज्यांनी वज्रासाठी आपली हाडे दिली. दिल्लीत देहदानाचे काम करणाऱ्या संस्थेने नावही दधीचींचेच घेतले आहे. ज्या गोष्टीने सुधारक पाखंडी ठरले, ती पुराणाचा आधार मिळताच पुण्याच्या खात्यात जमा झाली. विच्छेदनाच्या टेबलाला अर्थातच यातला फरक कळत नाही.

शास्त्रालाही देह नसलेला अंत्यविधी नवा नाही. पुरात वाहून गेलेल्या, परदेशी नाहीशा झालेल्या माणसासाठी दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिकृती करून विधी करण्याची सोय जुनीच आहे. देहदान केलेल्या घरात सावडायला जायचे नसते, अस्थी नसतात, म्हणून थोरामोठ्यांचा जीव कासावीस होतो. त्यांची समजूत या जुन्या सोयीने काढता येते.

आता पिंपरीत येऊ. इथे १९९६ साली डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, जवळच महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आणि हा सगळा भाग ज्या वसाहतीत येतो तिचे नाव संत तुकारामनगर. ज्यांचा देह मागे उरला नाही असे मानले जाते, त्यांच्या नावाच्या वस्तीत पहिल्या वर्षाची मुले देहावरून शिकतात. रसायने भरून देह टिकवला जातो, आणि काम संपल्यावर उरलेल्या अवशेषांचे अंत्यसंस्कार महाविद्यालयच करते.

पण देऊ केलेला प्रत्येक देह घेतला जातो असे नाही. एचआयव्ही किंवा कावीळ ब सारखा संसर्ग असेल तर नकार मिळतो. पोलीस केस असेल, शवविच्छेदन झाले असेल, तरी नकारच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देहदान ठरवले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, शवविच्छेदन अटळ ठरले आणि त्यांचा देह महाविद्यालयाच्या उपयोगाचा राहिला नाही. साताऱ्यात कोणताही धार्मिक विधी न करता दहन झाले, अग्नी मुलगी मुक्ता यांनी दिला, रक्षा शेतात पसरली गेली. देहदानाची इच्छा मारेकऱ्यांनी हाणून पाडली. तिच्यामागचा विचार घरच्यांनी दुसऱ्या रीतीने पाळला.

पुणे-नाशिक रस्ता, तळेगाव-चाकण रस्ता आणि दोन्हींवरची कंटेनरची वर्दळ ज्याने पाहिली आहे, त्याला दाभोलकरांच्या प्रकरणातला नियम इथे किती लागू पडतो हे सांगायला नको. पहाटे पहिल्या शिफ्टला दुचाकीवरून निघालेला पंचविशीतला कंत्राटी कामगार अपघातात सापडला, तर ती पोलीस केसच. देहदान बाद. मात्र अवयवदानाचे दार बंद होत नाही, उलट बहुधा तिथेच ते उघडते. डोक्याला मार लागून मेंदूचे काम कायमचे थांबते, पण यंत्राच्या आधारे हृदय चालू असते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने या अवस्थेला मृत्यू मानले. तो कायदा सुरुवातीलाच लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. अवयव काढणे आणि शवविच्छेदन यांचा मेळ पोलिसांच्या संमतीने घालता येतो. घरी शांतपणे गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे काही तासांत देता येतात, त्वचा देता येते, देहही देता येतो. पण हृदय, यकृत देता येत नाही.

याचा अर्थ असा की कागदावर सगळ्यात आधी ज्याने ठरवून ठेवायला हवे, तो तरुण असतो. आणि मृत्यूचा विचार तर सहसा साठीनंतरच सुरू होतो.

पिंपरी-चिंचवडला नगरपालिका १९७० मध्ये आली, महानगरपालिका १९८२ मध्ये. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज यांच्या मागे मराठवाडा-विदर्भातून माणसे आली, चाकण वाढले तसे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आली. पहिल्या पिढीच्या घरात कोणी गेले की पहिला प्रश्न असे, माती इथे द्यायची की गावाला न्यायचे? शववाहिका रात्रभर लातूर-परभणीच्या रस्त्याला लागत. दुसऱ्या पिढीत इथल्याच स्मशानभूमीत, सगळ्या जातींसाठी एकच असलेल्या दाहिनीत दहन आणि आळंदीला दशक्रिया असे होऊ लागले. कोविडच्या काळात तर ठरवणे घरच्यांच्या हातात उरलेच नाही. महापालिकेचे कर्मचारीच शेवटचे सोबती झाले. गावापासून नगराकडे सरकत आलेला हा निर्णय आता निगडीच्या किंवा भोसरीच्या भाड्याच्या खोलीतल्या एकट्या माणसापर्यंत आला आहे.

नियमही त्याच्याकडे सरकले आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मृत दात्याचा अवयव मिळण्यासाठी नाव नोंदवायला अधिवासाची अट काढून टाकली, आणि त्याच वर्षी आधार क्रमांकावरून अवयवदानाची ऑनलाइन प्रतिज्ञा घेण्याची सोय झाली. मोबाइलवरचा ओटीपी टाकला की झाले. प्रत्यक्ष वेळ येते, तेव्हा मात्र अतिदक्षता विभागाबाहेर समन्वयक विचारतो तो नातेवाइकांनाच. ते बहुधा शेकडो किलोमीटरवर असतात. मुलाचा मेंदू गेला पण छाती वरखाली होते आहे, हे त्यांना फोनवर ऐकावे लागते. त्यांनी ‘मेंदूमृत्यू’ हा शब्द आधी कधी ऐकलेला नसेल, तर ते ‘नको’ म्हणतात. त्यात अडाणीपणा नसतो, धक्का असतो.

कंपनीत रुजू होताना कामगाराकडून पीएफसाठी नॉमिनी लिहून घेतला जातो, ग्रॅच्युइटीसाठी घेतला जातो, विम्यासाठीही. देहासाठी असा रकाना नाही. १९९४ च्या कायद्याने लेखी संमतीला निदान दोन साक्षीदार मागितले आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा असे म्हटले. जवळच्या नात्यांच्या यादीत नवरा-बायको, मुले, आई-वडील, भावंडे आहेत. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे आली. सहा वर्षे एकाच खोलीत राहिलेला, एकाच डब्यातले जेवलेला, रुग्णालयात सगळ्यांआधी पोहोचणारा रूम पार्टनर त्या यादीत नाही. त्याला दुसरा साक्षीदार होता येते. पहिल्या सहीसाठी विषय गावाकडच्या घरातच काढावा लागतो, आणि त्याला दिवाळीची सुट्टी हीच बहुतेकांना मिळणारी वेळ.