काळ्या सुईपाशी

गोल विणायच्या यंत्रात सुयांचं एक कडं असतं. ‘सेंट्रो’ नावाचं जे प्लास्टिकचं, हाताने फिरवायचं यंत्र आता घरोघरी दिसतं, त्याच्या मोठ्या आकारात सुया 48. त्यातल्या 47 पांढऱ्या आणि एक काळी. हँडल फिरवलं की कडं फिरू लागतं. धागा जिथून आत येतो तिथे पोचली की प्रत्येक सुई खाली बुडी मारते, आकड्यात धागा पकडते, जुन्या टाक्यातून ओढून घेते आणि वर येते. एक सुलट टाका झाला. मग पुढची सुई, पुढचा टाका. काळी सुईही तेच करते. विणकामात तिला वेगळं काम नाही. टोपी तयार झाल्यावर तिचा टाका कोणता हे ओळखूनही दाखवता येत नाही.

तरीही पट्टेरी टोपी करायची तर सगळं लक्ष त्या एकीवर ठेवावं लागतं.

एकरंगी टोपीला ती नसली तरी चालेल. आधी टाकाऊ लोकरीच्या थोड्या फेऱ्या घालायच्या. त्यातल्या पहिल्या फेरीत धागा एका सुईच्या पुढून, एकीच्या मागून असा न्यायचा. मग खरी लोकर लावायची आणि फिरवत राहायचं. शंभर-सव्वाशे फेऱ्या झाल्या की नळी पुरेशी लांब होते. दोन्ही टोकांच्या टाक्यांतून धागा ओवून ती चुणून बंद करायची आणि एक टोक दुसऱ्याच्या पोटात ढकललं की दुहेरी टोपी तयार. पाच-सहा हजार टाके आणि वेळ अर्धा-पाऊण तास. शेजारणीशी गप्पा मारत, मालिका बघत हे होऊ शकतं. हात काय करतोय हे डोक्याला कळवायची गरज पडत नाही.

पट्टे घालायचे ठरवलं की हा आराम संपतो. दर सहा-आठ फेऱ्यांनी, काळी सुई धाग्याच्या वाटेशी आली की थांबायचं. जुना धागा वीतभर शेपूट ठेवून कापायचा, शेपूट नळीच्या आत सोडायचं, नव्या रंगाचा धागा तिथेच लावायचा, दोघांची गाठ मारायची आणि पुढच्या चार-पाच सुया अगदी सावकाश न्यायच्या. घाई झाली तर नेमका तिथलाच टाका गळतो. मग क्रोशाची सुई घेऊन त्याला खालून वर चढवत आणावं लागतं. बोलण्याच्या नादात काळी सुई पुढे निघून गेली तर पट्ट्याची सुरुवात सरकते, आणि असं दर वेळी झालं तर टोपीभर गाठी विखुरतात. म्हणजे या यंत्राने आपल्या हातून काढून घेतलं ते टाके घालण्याचं काम. कुठे थांबायचं हे मात्र त्याला ठाऊक नाही, आणि टोपीतलं डोळ्यांत भरणारं जे काही आहे ते सगळं थांबण्याच्या जागांवर अवलंबून आहे.

आणि गंमत पाहा, बरोब्बर काळ्या सुईपाशी थांबूनही पट्टा जुळत नाही. रंग बदलतो त्या जागी एक छोटी पायरी दिसते: नव्या रंगाची फेरी जिथून निघाली तिथे परत येते तेव्हा ती एका ओळीने वर चढलेली असते. यात हाताचा दोष नाही, यंत्राचाही नाही. गोल विणकामात पूर्ण वर्तुळ कधी तयारच होत नाही. टोपी म्हणजे खालपासून वरपर्यंत चढत गेलेली एकच लांबलचक ओळ असते, गोल जिन्यासारखी. फेऱ्या आपण मोजतो, त्यांना क्रमांक देतो. धाग्याला फेरी माहीत नसते. कड्याला सुरुवात नसते म्हणून तर कुणीतरी एका सुईला काळा रंग दिला. एकरंगी टोपीत हे सत्य झाकलेलं राहतं, पट्टा घातला की उघडं पडतं.

हाताने गोल विणणाऱ्यांनी यावर तोडगा काढला आहे. नव्या रंगाची दुसरी फेरी सुरू करताना पहिल्या टाक्याच्या खालचा, जुन्या रंगाचा टाका उचलायचा आणि दोन्ही मिळून एक विणायचा. पायरी त्याने दिसेनाशी होते, जात नाही. माझं मत विचाराल तर एवढी खटपट करू नये. टोपीला मागची बाजू असते, पायऱ्या तिकडे घ्याव्यात.

कारखान्यांनाही यातून सुटका नाही. तिरुपूरला बनियनचं आणि टी-शर्टचं कापड याच तत्त्वाच्या मोठ्या गोल यंत्रांवर निघतं. 30 इंच व्यासाच्या यंत्रात एकाच वेळी 90च्या आसपास ठिकाणांहून धागा आत जातो. म्हणजे एका फेऱ्यात तितक्या ओळी चढतात आणि पायरी एका ओळीची न राहता काही सेंटिमीटरची होते. धुतल्यावर टी-शर्टची कुशीतली शिवण पोटाकडे वळते, त्याला धाग्याचा पीळ जसा कारण असतो तसा हा चढही असतो. पुढच्या वेळी पट्ट्यांचा टी-शर्ट घ्याल तेव्हा पट्टे कुशीत जुळलेत का ते बघा. जुळलेले असतील तर कुणीतरी त्यासाठी थांबलेलं आहे, आणि त्याची किंमत बहुधा लावलेलीही आहे.

वेग आणि थांबणं यांचं हे भांडण जुनं आहे. विणकामाचं पहिलं यंत्र इंग्लंडात 1589 साली विल्यम ली याने केलं. तो नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनचा. राणी एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारलं, हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांची तिला काळजी वाटली, असं सांगतात. त्याचं यंत्र सपाट पट्टी विणायचं, आणि पायाच्या आकाराचा मोजा हवा तर कारागिराला जागोजागी थांबून कडेचे टाके हाताने सरकवावे लागायचे. पोटरीला रुंद, घोट्याला अरुंद. कौशल्य होतं ते तिथे. पुढे मालकांनी वेगळी वाट काढली. रुंद कापड सरळ विणायचं, कात्रीने मोज्याच्या आकारात कापायचं आणि शिवून टाकायचं. कडेचे टाके कापले गेल्यामुळे असे मोजे लवकर उसवत, पण स्वस्त पडत. 1811 साली नॉटिंगहॅमच्या आसपास रात्री-अपरात्री यंत्रं फोडणारे जे लडाइट, त्यांच्या तक्रारींत पडलेल्या मजुरीबरोबर हा कापीव मालही होता. त्यांना यंत्रद्वेष्टे म्हणून हिणवलं जातं ते मला पटत नाही. पिढ्यान् पिढ्या यंत्रावरच पोट भरणारी ती माणसं होती. राग होता तो न थांबता माल काढणाऱ्यांवर.

गोल विणणाऱ्या यंत्राचं पेटंट त्यानंतर 1816 मध्ये मार्क ब्रुनेलने घेतलं. थेम्स नदीखालून बोगदा काढणारा इंजिनिअर तो हाच. थांबण्याची गरज त्याने आणखी कमी केली. सपाट पट्टीला निदान दोन कडा तरी होत्या, गोलाला त्याही नाहीत.

पट्टेरी टोपीत आणखी एक मजा आहे, आणि ती नळी आत ढकलल्याशिवाय लक्षात येत नाही. टोपी दुहेरी असते, त्यामुळे गाठी आणि शेपटं दोन थरांच्या मध्ये कायमची गडप होतात. कितीही रंग बदला, आतला पसारा कुणाला दिसत नाही. म्हणून नळीचा अर्धा भाग आतच जाणार, तिथे कशाला पट्टे, असा हिशेब करून बरेच जण उरलीसुरली लोकर त्या अर्ध्यात संपवतात. मग टोपी डोक्यावर घालून काठ वर दुमडला की कपाळावर येतो तो आतला थर! उरलीसुरली लोकर म्हणून लपवलेला विटका पोपटी रंग समोरच्याला सगळ्यांत आधी दिसतो. तेव्हा नळीच्या मध्याच्या पुढच्या पंधरा-वीस फेऱ्या विचार करूनच रंगवाव्यात. मोकळेपणाने हवं ते वापरायला जागा उरते ती अगदी टोकाला, टाळूपाशी.

पहिलीच पट्टेरी टोपी करणार असाल तर दोनच रंग घ्या आणि दोन्ही लोकरी एकाच जाडीच्या घ्या, नाहीतर एक पट्टा आवळतो आणि दुसरा सैलावतो. पट्टा सहा फेऱ्यांहून अरुंद नको. यंत्रावर दिसणाऱ्या फेऱ्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, तो कधीकधी चुकतो. शेजारी कागद ठेवा आणि दर पट्ट्याला एक रेघ मारा. आणि तेवढा अर्धा-पाऊण तास फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या.